साप्ताहिक सभेला तरुण मुले येतात, पण थांबत नाहीत; नेमके काय बदलावे?

प्रश्न विचारणारे: मंगळवारचा_सचिव

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावातील रोटरी क्लबचा या वर्षीचा सचिव आहे. आमच्या क्लबात एकेचाळीस सदस्य असून चाळिशीच्या आतले त्यांतले तिघेच आहेत. त्या तिघांपैकी दोघे जुन्या सदस्यांचेच चिरंजीव आहेत, त्यामुळे ते आले असे म्हणण्यापेक्षा त्यांना आणले गेले असे म्हणणेच बरोबर ठरेल.

आमची सभा दर मंगळवारी रात्री आठ वाजता एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरते. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होते, फोर वे टेस्टचे, म्हणजे रोटरीच्या चार प्रश्नांच्या आचारकसोटीचे वाचन होते, मी मागील आठवड्याच्या कामाची माहिती आणि पुढच्या सूचना सांगतो, सदस्यांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस साजरे होतात. मग पाहुण्यांचा परिचय, त्यांचे भाषण, आभार, पुन्हा घंटा आणि जेवण. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की एखाद्या दिवशी वीज गेली तरी तो अंधारात बिनचूक पार पडतो.

या जुलैत पदग्रहणानंतरच्या दुसऱ्याच सभेत आम्ही दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार ठेवला होता. सव्वीस विद्यार्थी आले, प्रत्येकाला गुलाबाचे फूल, प्रमाणपत्र आणि पेन दिले, छायाचित्रे काढली आणि त्यानंतर तीन मान्यवरांनी त्यांना मार्गदर्शन केले. दुसरे मान्यवर बोलत असतानाच मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या. मी जिन्यापाशी उभा होतो. बारावीत पहिली आलेली मुलगी प्रमाणपत्राची गुंडाळी करत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “काका, आमचं झालं ना? खाली बाबा गाडी घेऊन थांबलेत.” तिच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. तिच्या दृष्टीने तिचे काम खरोखरच संपले होते, आणि खरे सांगायचे तर आमच्याही दृष्टीने संपलेच होते.

ऑगस्टमध्ये आम्ही सत्काराविना महाविद्यालयातील मुलांना सभेला बोलावले. पाच जण आले आणि शेवटच्या रांगेत बसले. त्या दिवशीचे व्याख्यान निवृत्तीनंतरची गुंतवणूक आणि इच्छापत्र या विषयावर होते. वक्ते अभ्यासू होते, परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाने इच्छापत्राच्या नोंदणीची टिपणे घेत बसावे ही आमची अपेक्षाच चुकीची होती. पुढच्या मंगळवारी त्या पाचांपैकी एकही फिरकला नाही.

आता संचालक मंडळात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचा तरुणांसाठीचा वेगळा क्लब सुरू करून मुलांची सोय स्वतंत्र करावी. काहींच्या मते २०१६ पासून नियमांत सवलत मिळालेली असल्याने आपण सभाच महिन्यातून दोनदा घ्यावी, म्हणजे तरुणांना ते ओझे वाटणार नाही. ज्यांच्या क्लबात तरुण मुले टिकली आहेत, त्यांनी आपल्या सभेत प्रत्यक्ष काय बदलले हे मला जाणून घ्यायचे आहे. प्रेरणादायी वक्त्यांची नावे कृपया सुचवू नयेत, तशी यादी आमच्याकडे भरपूर आहे.

---

तासगाव_रस्ता

सचिव महोदय, मी एकतीस वर्षे रोटरीत आहे आणि तुम्ही वर्णन केलेली सभा मी शेकडो वेळा बसून काढली आहे. एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे ही साप्ताहिक सभा मुळात भाषणे ऐकण्यासाठी निर्माण झालीच नव्हती. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये चार जण पहिल्यांदा एकत्र बसले, ते त्यांच्यापैकीच एकाच्या, म्हणजे गुस्ताव्हस लोअर या खाण अभियंत्याच्या कार्यालयात. पॉल हॅरिस वकील होते, दुसरे गृहस्थ कोळशाचे व्यापारी होते आणि तिसरे शिंपीकामाचा व्यवसाय करणारे. हॅरिस लहान गावात वाढलेले होते आणि एवढ्या मोठ्या शहरात ओळखीपाळखीवाचून राहिल्याने आलेला एकटेपणा त्यांनी भोगला होता. पुढे या सभा आळीपाळीने एकेका सदस्याच्या कामाच्या जागी होऊ लागल्या आणि त्यावरूनच रोटरी हे नाव पडले. त्या दिवशी हॅरिस यांचे वय छत्तीस होते, म्हणजे आज ते तुमच्या क्लबात आले असते तर तुम्ही त्यांची गणना तरुणांत केली असती आणि बहुधा त्यांना मार्गदर्शनही केले असते.

आमच्या क्लबाने सहा वर्षांपूर्वी हाच धागा पुन्हा उचलला. महिन्यातली एक सभा आम्ही सभागृहात घेतच नाही, ती एखाद्या सदस्याच्या कामाच्या जागी घेतो. त्या सभेला महाविद्यालयातील दहा-बारा मुलांना बोलावतो आणि तो सदस्य आपला धंदा कसा चालतो ते दाखवतो. त्याने यशोगाथा सांगू नये, एवढीच अट असते. सांगायचेच असेल तर कुठे बुडालो ते सांगावे.

एक प्रसंग सांगतो. आमचे एक सदस्य बेदाण्याचे शीतगृह चालवतात. ते तसे अबोल आहेत, व्यासपीठावर दोन वाक्ये धड बोलणार नाहीत. त्या दिवशी त्यांनी मुलांना थेट आत नेले, तेव्हा बाहेर मे महिन्याचे ऊन होते आणि आत दात वाजत होते. १५ किलोच्या पेट्यांच्या थप्प्यांमध्ये उभे राहून त्यांनी सांगितले की यातला बहुतेक माल त्यांचा नाही, तो शेतकऱ्यांचा आहे. शेतकरी माल इथे ठेवतो, पावती घेतो, त्या पावतीच्या तारणावर कर्ज उचलतो आणि सौद्यात भाव चढला की माल काढतो. बी.कॉम.ला असलेल्या एका मुलाने विचारले, “आणि भाव चढलाच नाही तर?” त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एका वर्षाची वही काढून मुलांसमोर ठेवली. भाडे, व्याज आणि तूट एकत्र मिळवल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय उरले ते मुलांनी स्वतः बेरीज करून पाहिले. सभा पावणेदोन तास चालली आणि त्या पावणेदोन तासांत कुणी घड्याळाकडे पाहिले नाही. तो मुलगा पुढे वर्षभर त्या शीतगृहात सकाळी हिशेब शिकायला जात होता. आता तो सनदी लेखापालाची परीक्षा देतो आहे. तो क्लबाचा सदस्य अजून झालेला नाही, पण बोलावले की येतो.

---

माजी_रोटरॅक्टर

मी चार वर्षे रोटरॅक्टमध्ये होते, त्यांतले एक वर्ष अध्यक्ष होते. सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असते. वरचा प्रतिसाद मला आवडला, परंतु त्यातही मुले पाहुणीच आहेत, म्हणून थोडे कडू लिहिते आहे, राग मानू नये.

रोटरॅक्ट काढल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट येथे पहिला रोटरॅक्ट क्लब निघाला. आता रोटरॅक्टला सदस्यत्वाचाच एक प्रकार मानले जाते, आणि जुलै २०२० पासून तीस वर्षांची कमाल वयोमर्यादाही काढून टाकण्यात आली आहे. कागदावर आम्ही बरोबरीचे भागीदार आहोत. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी आम्ही काय केले? नेत्रतपासणी शिबिरात नावे लिहून घेतली, खुर्च्या लावल्या, खुर्च्या उचलल्या आणि छायाचित्राच्या वेळी फलकाची दोन टोके धरून उभे राहिलो. रक्तदान शिबिराची तारीख ठरली तेव्हा आम्हाला कुणी विचारले नाही आणि ती नेमकी आमच्या सत्र परीक्षेच्या आठवड्यात आली. रक्तदाते कमी आले, तेव्हा मात्र साप्ताहिक सभेत “तरुणांचा प्रतिसाद कमी पडतो” असा उल्लेख झाला. मी त्या सभेला हजर होते.

पुढच्या वर्षी आमच्या पालक रोटरी क्लबाचे अध्यक्ष झालेले गृहस्थ हार्डवेअरचे दुकानदार होते. जुलैच्या पहिल्या सभेत त्यांनी आम्हाला पंधरा हजार रुपये दिले आणि म्हणाले, “काय करायचं ते तुम्ही ठरवा. मार्चमध्ये इथे उभं राहून हिशेब द्यायचा. मधे आम्ही विचारणार नाही.” सभागृहात थोडी कुजबुज झाली. एका ज्येष्ठांनी देखरेखीसाठी समिती नेमण्याची सूचना केली, ती अध्यक्षांनी हसून बाजूला सारली.

आम्ही दोन महिने वाया घालवले, हे कबूल करायला हवे. आधी वृक्षारोपण ठरले, मग पथनाट्य ठरले, आणि दोन्ही बारगळले. शेवटी आमच्यातल्या दोघी खेड्यावरून एसटीने येणाऱ्या होत्या, त्यांनी स्थानकावरच्या वेळापत्रकाचा विषय काढला. जुना फलक पुसट झाला होता, त्यातल्या तीन गाड्या केव्हाच बंद पडल्या होत्या आणि वेळा ऐकीव असल्यामुळे मुलींची शेवटची गाडी चुकायची. आम्ही नवीन फलक करायचा ठरवला. आगाराच्या कार्यालयात आम्हाला पाच वेळा जावे लागले. पहिल्या तीन खेपांत साहेब भेटले नाहीत, चौथ्या खेपेला त्यांनी अर्ज मागितला, पाचव्या खेपेला त्यांनीच वाहतूक नियंत्रकांना बोलावून सगळ्या फेऱ्यांची खरी यादी लिहून दिली आणि वर चहाही पाजला. अर्ज कसा लिहावा, आवक क्रमांक का घ्यावा, कुठल्या खिडकीशी आवाज चढवू नये, हे मी त्या पाच खेपांत शिकले.

मार्चमध्ये मी साप्ताहिक सभेत हिशेब द्यायला उभी राहिले. मला आठ मिनिटे दिली होती. एका सदस्यांनी मधेच थांबवून विचारले की फ्लेक्स हजार-बाराशेत झाला असता, मग पत्र्यावर रंगवून घेण्यासाठी नऊ हजार कशासाठी घातले? मी सांगितले की फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतो, तर पत्र्यावर एखाद्या गाडीची वेळ बदलली तर पेंटर तेवढीच ओळ पुसून नवी लिहितो. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, मग तिसरा. माझ्या हाताला घाम आला होता. परंतु त्या सभागृहात मला कुणी तरी खरा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि सत्काराच्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा ते आठ मिनिटांचे उभे राहणे मला जास्त लक्षात आहे. उरलेले चौदाशे रुपये आम्ही परत केले.

तेव्हा मुलांना सभेत मागे बसवू नका. त्यांना खर्च करायला द्या आणि हिशेब मागा.

---

इंटरॅक्टच्या_बाई

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि आमच्या शाळेतील इंटरॅक्ट क्लबचे काम नऊ वर्षे पाहते. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठीचा हा उपक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी कोलकात्याचे नितीश लाहरी हे रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते, त्यामुळे तो मला उगीचच घरचा वाटतो. पण तो मुद्दा बाजूला ठेवते, कारण मला घड्याळाविषयी बोलायचे आहे.

तुमची सभा रात्री आठला भरते आणि तुम्ही विचारता की मुले का थांबत नाहीत. मुलींना बारावीपर्यंत शाळेत येण्या-जाण्यासाठी एसटीचा मोफत पास मिळतो, परंतु आमच्याकडच्या वाड्यांना जाणारी शेवटची गाडी साडेसहाची आहे आणि पास असला तरी ती गाडी आठपर्यंत थांबत नाही. तुमच्या सत्काराला आलेल्या मुलीचे वडील खाली गाडी घेऊन थांबले होते, म्हणजे ज्यांच्या वडिलांकडे गाडी आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे तीच मुले मुळात येऊ शकली. बाकीच्यांची प्रमाणपत्रे तुम्ही नंतर शाळेत पाठवली असतील.

दुसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो. सभेनंतरच्या जेवणाला रोटरीत फेलोशिप म्हणतात. काही ठिकाणी महिन्यातून एखाद्या फेलोशिपला काय काय असते हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. पालक मला थेट विचारत नाहीत, “जेवणाआधी घरी सोडाल ना?” एवढेच विचारतात. ज्या सभेला विद्यार्थी येणार असतील त्या दिवशी चहा-पोह्यांच्या पलीकडे काहीही असणार नाही, हे क्लबाने लेखी ठरवावे आणि ते पालकांना आधी कळवावे. तसेच अठराखालील मुलांचे भ्रमणध्वनी क्रमांक क्लबाच्या सर्वसाधारण व्हॉट्सअ‍ॅप समूहात घालू नयेत, पालकांच्या संमतीशिवाय छायाचित्रे टाकू नयेत आणि मुलींना ने-आण करताना गाडीत किमान दोन प्रौढ असावेत, त्यांतील एक स्त्री असावी. रोटरीचे स्वतःचे युवा संरक्षण धोरण आहे. मी ज्या पदाधिकाऱ्यांना याविषयी विचारले, त्यांतील बहुतेकांनी ते वाचलेले नव्हते.

तासगाव_रस्ता यांच्या कामाच्या जागी सभा घेण्याच्या कल्पनेबद्दल एक शंका आहे. बहुतेक क्लबांत अजूनही पुरुष सदस्य अधिक आहेत, स्त्रियांना रोटरीचे सदस्यत्व १९८९ मध्ये खुले झाले तरी तालुक्याच्या ठिकाणी ते चित्र हळूहळूच बदलते आहे. शीतगृह, वर्कशॉप, वीटभट्टी, पेट्रोल पंप हीच यादी फिरत राहिली, तर मुलींना हे सारे दुसऱ्याचे जग वाटते. आम्ही एका वर्षी क्लबाच्या मागे लागून सभा घ्यायला लावली ती खानावळ चालवणाऱ्या एका बाईंकडे. त्या सदस्य नाहीत. रोज एकशे चाळीस डबे जातात, पहाटे चारला पीठ मळायला घेतात आणि सणाच्या दिवशी किती डबे परत येतील याचा अंदाज त्या कागदाशिवाय बांधतात. दहावीत दोनदा नापास झालेली आमची एक विद्यार्थिनी तिथे सर्वांत जास्त प्रश्न विचारत होती. ती तुमच्या गुणवंतांच्या यादीत कधीच आली नसती.

रायला, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या नेतृत्व शिबिरांबद्दलही लिहायचे होते, पण थोडक्यात सांगते. शिबिर चांगलेच असते, मुले तीन दिवसांत फुलून येतात, आणि सोमवारी परत आल्यावर त्यांना करायला काही नसते. शिबिराला पाठवण्यापूर्वीच परतल्यानंतरचे काम ठरवून ठेवा.

---

दोन_मंगळवार

सभा महिन्यातून दोनदा घेण्याबद्दल अनुभव सांगतो. आम्ही तसे केले. नियमानुसार महिन्याला किमान दोन सभा पुरतात, हे बरोबर आहे. परिणाम असा झाला की सभा पहिल्या मंगळवारी की दुसऱ्या, हेच कुणाच्या लक्षात राहीना आणि उपस्थिती पूर्वीपेक्षाही घटली. तरुण तर त्यामुळे वाढले नाहीतच. वर्षभराने आम्ही पुन्हा दर आठवड्यावर आलो.

आणखी एक गोष्ट नम्रपणे मांडतो. मी बहात्तर वर्षांचा आहे, पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा परदेशी असतो. मंगळवारी संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडायला मला हे एक निमित्त आहे. इच्छापत्राचे ते व्याख्यान माझ्यासारख्यासाठी उपयोगाचेच होते. मुलांसाठी सभा बदला, जरूर बदला, पण चारही मंगळवार बदलू नका.

---

मंगळवारचा_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. सर्व प्रतिसाद छापून मी संचालक मंडळापुढे ठेवले. फेलोशिपविषयीचा परिच्छेद वाचताना शांतता पसरली, परंतु कुणी विरोध केला नाही.

ठरले ते असे. तीन मंगळवार आहेत तसेच राहतील. चौथ्या मंगळवारची सभा दुपारी साडेचार ते पावणेसहा या वेळेत, महाविद्यालयाजवळ किंवा एखाद्याच्या कामाच्या जागी होईल आणि त्या दिवशी फक्त चहा-पोहे असतील. नोकरी करणाऱ्या सदस्यांना ही वेळ अडचणीची आहे, त्यामुळे उपस्थिती कमी राहील हे गृहीत धरले आहे. पुढील जुलैत गुणवंतांचा सत्कार होईल तो शाळांमध्ये जाऊन, भाषणांशिवाय. मुलांच्या गटाला दहा हजार रुपये देण्याचा ठराव एका मताने मंजूर झाला. एका मताने म्हणजे एकमताने नव्हे, आठ विरुद्ध सात असा.

चौथ्या मंगळवारची पहिली सभा गेल्या आठवड्यात आमच्या एका सदस्यांच्या छापखान्यात झाली. अकरा मुले आली, नऊ शेवटपर्यंत थांबली. जिन्यापाशी भेटलेल्या त्या मुलीलाही निरोप दिला होता, परंतु ती आता शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली आहे.

माजी_रोटरॅक्टर ताई, एक व्यावहारिक अडचण आहे. आमच्या खजिनदारांचे म्हणणे असे की दहा हजारांची प्रत्येक पावती क्लबाच्या नावाने हवी, अन्यथा लेखापरीक्षणात आक्षेप येईल. पेंटर किंवा टेम्पोवाला कुठली पावती देणार? तुम्ही हे कसे सांभाळलेत?

---

माजी_रोटरॅक्टर

खजिनदारांचे म्हणणे बरोबर आहे, त्यांना शत्रू समजू नका. आम्ही रक्कम आगाऊ म्हणून घेतली होती आणि तशी नोंद वहीत होती. दुकानातून घेतलेल्या वस्तूंची बिले क्लबाच्या नावाने घेतली. पेंटर आणि टेम्पोवाल्यासाठी छापील व्हाउचर वापरले, त्यावर काम, तारीख, रक्कम आणि त्यांची सही घेतली. आमच्या पेंटरला सही करायला लाज वाटत होती, म्हणून त्याने ब्रशनेच नाव लिहून दिले, आणि ते व्हाउचर लेखापरीक्षकांनी काही न विचारता मान्य केले. मुलांना पहिल्याच दिवशी व्हाउचरचे पुस्तक हातात द्या. खर्च झाल्यावर सह्या गोळा करत फिरणे फार जड जाते.